नकार द्यायला निघालेल्या हेडबाई

हेडबाईंनी नकार आदल्या दिवशीच पक्का करून ठेवला होता. घरगाडी बघायला जायचं, सगळं शांतपणे बघायचं, नवऱ्याला तिच्यावरून मनसोक्त हात फिरवू द्यायचा आणि शेवटी "नको" म्हणायचं. बत्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला नकार द्यायला तयारी लागत नाही. पण समोर नवरा होता, म्हणून या खेपेला त्यांनी कारणांची यादी केली होती. अकरा कारणं झाली. बारावं नवऱ्याच्या गाडी चालवण्याबद्दल होतं. ते लिहायला मात्र त्यांचा हात धजावला नाही.

नवऱ्याला सगळे 'लिफ्टवाले' म्हणत. सदतीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या टपावर बसून केबली तपासल्या होत्या. निवृत्त झाले आणि चौथ्या महिन्यात त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, की आपल्याला एक जुनी डिझेलची मोटारहोम घ्यायची आहे. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, टेबल, इवलीशी मोरी, आणि खाली चार चाकं.

"म्हणजे घरच की," ते म्हणाले.

"घर आहे आपल्याला."

"ते हलत नाही."

"हलू नये म्हणूनच बांधतात," हेडबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. त्यांना फोन यायचा होता. निवृत्तीनंतर त्या पाच समित्यांवर होत्या, आणि पाचही समित्या त्यांच्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत.

लिफ्टवाल्यांनी वाद घातला नाही. ते जाहिराती कापून ठेवू लागले. हेडबाईंना त्या पुस्तकांत सापडल्या, साखरेच्या डब्याखाली सापडल्या, एक तर चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली निघाली. दोन महिन्यांनी त्यांनी हात टेकले. "चला, बघून येऊ," त्या म्हणाल्या, आणि नवरा अंघोळीला गेल्याबरोबर धाकट्या भावाला फोन लावला. भावाचं डिझेल इंजिनांचं गॅरेज होतं. त्याला अख्खा रस्ता 'मेस्त्री' म्हणून ओळखायचा.

"तू बरोबर ये आणि खोट काढ."

"असली तर काढीन, ताई."

"असेलच. सोळा वर्षांची गाडी आहे."

"मी इंजिनाबद्दल खोटं बोलत नाही, आधीच सांगतो."

"खोटं बोल म्हणून कोण सांगतंय? खरंच बोल. फक्त वाईट तेवढंच बोल."

मेस्त्रीला लहानपणापासून ताईच्या आवाजाची सवय होती. तो बरं म्हणाला.

गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची होती. जनावरांचे डॉक्टर, तेही निवृत्त. गावाच्या कडेला त्यांचं बैठं घर होतं, आणि घराच्या बाजूच्या मोकळ्या आवारात ती गाडी उभी होती: पांढरी, बुटक्या नाकाची, कपाळावर पलंगाचा उंचवटा असलेली. लिफ्टवाले फाटकातच थांबले. हेडबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ओळखलं, की काम सोपं जाणार नाही.

"तिला सकाळी घाई केलेली खपत नाही," डॉक्टर गाडीच्या नाकावर थोपटत म्हणाले. "किल्ली अर्धी फिरवायची, तो पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग उठवायची. थंडीत तर तिच्याशी दोन शब्द बोलावे लागतात."

"मी रात्रभर हात लावू नका म्हणालो होतो," मेस्त्री म्हणाला. "लावला नाही ना?" त्यानं झाकण उघडून तळहात इंजिनावर ठेवला. इंजिन गार होतं. मग तो मागे जाऊन धुराच्या नळीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "करा चालू."

पिवळा दिवा विझला, गाडी खाकरली आणि सुरू झाली. हेडबाईंचं लक्ष भावाच्या तोंडाकडे होतं. पांढरा धूर आला तर एक दुखणं, निळा आला तर दुसरं, काळा आला तर तिसरं, हे त्यानं वाटेत त्यांना शिकवलं होतं. एक फिकट पांढरा फुगा आला आणि विरून गेला. मग काहीच येईना. मेस्त्री कान देऊन ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते हेडबाईंनी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

तो गाडीखाली शिरला. विजेरी घेऊन इकडून तिकडे सरपटला. तेलात बुडवायची काडी काढून बोटावर पुसून बघितली, पट्टे दाबून बघितले, टायरच्या भेगांत नख घातलं. शेवटी तो हात पुसत ताईजवळ आला.

"सापडत नाही."

"नीट बघ."

"बघितलं. दर पाच हजाराला तेल बदललंय, तारखांसकट वही आहे. मी नव्या गाड्यांची इतकी निगा बघितलेली नाही."

"गंज?"

"मागच्या पायरीला आहे. चार बोटं."

"चार बोटं," हेडबाईंनी उच्चारून बघितलं. त्यावर नकार उभा राहीना. "असू दे. मी आतून बघते."

आत डॉक्टरीणबाई होत्या. ठेंगण्या, गोल, पदर खोचलेल्या. पाहुणे आल्यापासून त्यांनी कोणाशीही बोलणं टाळलं होतं. हेडबाई आत चढल्या आणि शाळा तपासणीला आल्यासारख्या बघू लागल्या. खण ओढले, कप्पे उघडले, ओल कळावी म्हणून भिंती अंगठ्यानं दाबल्या.

"तिथं काय दाबताय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छताच्या झरोक्याखाली दाबा. तिथं गळतं."

हेडबाईंनी वही काढली.

"मोरीचा नळ आधी थुंकतो, मग पाणी देतो. पलंगाची एक फळी दर दोन महिन्यांनी निसटते. शेगडीचा डावा डोळा पेटत नाही. लिहिलंत? आणि वारा आडवा असला की भांडी रात्रभर वाजतात."

हेडबाई लिहिता लिहिता थांबल्या. "तुम्हाला विकायची नाही का?"

"मुळीच नाही. आमचे हे म्हणतात गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही. आता गुडघ्यांपुढे मी काय बोलणार? तुम्हाला हवी आहे का?"

"मुळीच नको," हेडबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. इतक्या थोड्या वेळात इतकी घट्ट मैत्री हेडबाईंची आजवर कोणाशी झाली नव्हती.

"चहा टाकते," डॉक्टरीणबाई दारातून डोकं काढून नवऱ्याला ओरडून म्हणाल्या, आणि परत येऊन शेगडीचा उजवा डोळा पेटवला.

इथं घोटाळा झाला. पुरुषांना वाटलं, चहा घरात टाकला जाणार, म्हणजे दोघी उतरून घरात गेल्या. त्यांनी थोडा वेळ टायरांबद्दल चर्चा केली, मग बायकांचं आटपेपर्यंत एक चक्कर मारून येऊ असं ठरवलं. मागचं दार अर्धवट उघडं दिसलं, ते मेस्त्रीनं जाता जाता ढकललं. तिघं पुढं केबिनमध्ये बसले, लिफ्टवाले चालवायला. केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये भिंत होती, भिंतीत हातभर रुंदीची सरकती काच होती आणि काचेला खोलीच्या बाजूनं फुलाफुलांचा पडदा होता.

गाडी हलली तेव्हा चहा नुकताच गाळून झाला होता. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं गॅस बंद केला, किटली पोटाशी धरली आणि बाकावर बसल्या. हेडबाईंनी दोन पावलं मागे, एक पुढे अशी कसरत केली, पडद्यापर्यंत पोचल्या आणि काच ठोकायला हात उचलला.

"बाईंचा काय विचार दिसतोय?" पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

हेडबाईंचा हात तसाच राहिला.

"ती नको म्हणणार," लिफ्टवाले म्हणाले. "घरून ठरवूनच आलीय. या मेहुण्याला त्यासाठीच आणलंय."

मेस्त्रीला जोरात खोकला आला.

"अरे, खोकू नकोस. तुझी ताई दार लावून फोन करते, पण आवाज वर्गात पोचायची सवय आहे तिला. वाईट तेवढंच बोल, असं म्हणाली ना?"

"भावोजी, मी काही वाईट बोललो नाही," मेस्त्री म्हणाला. "बोलण्यासारखं सापडलंच नाही."

"मग तुम्ही कशाला घेताय?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यांना नको असेल तर?"

हेडबाईंनी दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली.

"आमच्या घरात चार खोल्या आहेत," लिफ्टवाले म्हणाले. "मी पुढच्या खोलीत गेलो की ती मागच्या खोलीत असते. मी मागे गेलो की फोन वाजतो. मी जन्मभर सकाळी सातला घर सोडायचो. म्हटलं, सुटलो की बायकोशी जरा बोलत बसू. आता बसतो, तर ती विचारते, मुद्दा काय आहे? मुद्दा नसतो हो काही. ही गाडी बावीस फुटांची आहे. जाऊन जाऊन जाईल कुठं?"

डॉक्टर हसले.

"हसू नका. ती फोनवर शाळेतल्या गोष्टी सांगते ना, सगळ्यांचे आवाज काढते. शिपायाचा, इन्स्पेक्टरचा, वर्गात झोपणाऱ्या पोरांचा. मी भिंतीपलीकडून ऐकतो. एवढी गंमत मी लोकांच्या वाट्याची ऐकतो, माझ्या वाट्याची नाही."

हेडबाईंनी उचललेला हात खाली घेतला. मुद्दा काय, असं त्यांना या वेळी विचारावंसं वाटलं नाही. त्या मागे सरकून बाकावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी अर्धा कप चहा त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही का विकताय पण?" पलीकडून मेस्त्री म्हणाला. "गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही म्हणाला होतात, पण तुम्ही मघाशी गाडीखाली माझ्याबरोबर वाकलात की."

"गुडघे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "डोळे गेलेत. ऊन तिरपं झालं की समोरच्या एका गाडीच्या दोन दिसतात. मग मी दोन्हींच्या मधून काढतो. हिला सांगितलेलं नाही. आयुष्यभर माझ्या शेजारी डोळे मिटून झोपलीय ती, गाडी मी चालवतोय म्हणून. आता ती झोप कशाला मोडायची?"

डॉक्टरीणबाई किटलीकडे बघत होत्या.

"गुडघे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दोन महिने रोज तेल चोळतेय मी."

"पण दिवसाउजेडी काही अडचण नाही," डॉक्टर पलीकडे सांगत होते. "आता डावीकडे घ्या. हा रस्ता थेट मोठ्या रस्त्याला मिळतो."

लिफ्टवाल्यांनी डावीकडे घेतलं. वळणावर एक पाटी होती आणि पाटीवर 'पुढे रस्ता बंद' असं हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. डॉक्टरांना पाटी म्हणजे एक पांढरा ठिपका दिसला, मेस्त्री इंजिनाचा आवाज ऐकत होता, आणि लिफ्टवाल्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला.

दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती होत्या. गल्ली आधी रुंद होती, मग बरी होती, मग आरसे मिटून घ्यावे लागतील इतकी झाली. शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग आला आणि ढिगाच्या मागे भिंत. गाडी थांबली.

"मागे घ्या," डॉक्टर म्हणाले.

लिफ्टवाल्यांनी आरशात बघितलं. आरशात भिंत होती. दुसऱ्या आरशातही भिंत होती. त्यांनी गिअर टाकला, गाडी हातभर मागे गेली आणि कुठंतरी खरवडल्याचा आवाज आला. ते पुढे आले. पुन्हा मागे गेले, पुन्हा आवाज आला, या वेळी दुसऱ्या बाजूनं.

"मी उतरून दाखवतो," मेस्त्री म्हणाला.

"तूच का घेत नाहीस?"

"भावोजी, माझ्या गॅरेजच्या फाटकाचे खांब बघितलेत ना?"

ते सगळ्या रस्त्यानं बघितले होते. दोन्ही खांब बाहेरच्या बाजूला झुकलेले होते. मेस्त्री कुठलंही इंजिन डोळे मिटून जुळवायचा, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की त्याचं डावंउजवं एक व्हायचं. आणि डॉक्टर इतकी वर्षं मागे घ्यायचे ते केवळ मागे डॉक्टरीणबाई उभ्या राहायच्या म्हणून. केबिनमध्ये तिघं होते, आणि तिघंही आता समोरच्या खोक्यांकडे बघत होते. गोदामातली चार माणसं काम सोडून बाहेर आली होती आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देत होता.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. भिंत आणि गाडी यांच्यामधून, अंग चोरून, एका हातानं साडी सावरत कोणीतरी पुढं येत होतं. लिफ्टवाल्यांनी आरशात बघितलं आणि स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

हेडबाईंनी खिडकीची काच बोटानं वाजवली.

"खाली उतरा."

लिफ्टवाले उतरले. कसंबसं उघडलेल्या दारातून आधी पोट ओढून घेऊन ते बाहेर आले. "तू कुठं होतीस?" त्यांनी विचारलं.

"मागे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," हेडबाई म्हणाल्या, सीटवर चढल्या आणि सीट चार खाचा पुढे ओढली. डॉक्टर आणि मेस्त्री तिकडच्या दारातून इतक्या चपळाईनं बाहेर पडले, की गुडघ्यांचं उरलंसुरलं नाव निघून गेलं.

मेस्त्री मागे जाऊन दोन्ही हात हलवू लागला. "ताई, डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे. म्हणजे तुझ्या."

"तू बाजूला हो," हेडबाई म्हणाल्या.

मागे डॉक्टरीणबाई उतरल्या होत्या. त्यांची पद्धत वेगळी होती. गाडीच्या अंगावर एक टकटक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, आणि तळहाताची थाप पडली की जागच्या जागी थांबायचं. खिडकीपाशी येऊन त्यांनी हे एकदाच सांगितलं. हेडबाईंनी मान हलवली आणि गाडी मागे निघाली. एक टकटक. दोन. थाप. पुन्हा एक. गाडी इतकी सावकाश चालली होती की गोदामवाल्यांपैकी एक जण तिच्याबरोबर चालत चालत आपला डबा खात होता. पण ती कुठंही घासली नाही. अख्खी गल्ली मागे सरकून ती पाटीपाशी बाहेर आली, तेव्हा बाकीच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. डबेवाल्याला हात मोकळा नव्हता, त्यानं मान डोलावली.

लिफ्टवाले पायीच मागून आले. घाम पुसत ते खिडकीपाशी उभे राहिले.

"हे कुठं शिकलीस?"

"शाळेच्या बसचा ड्रायव्हर पाय मोडून घरी बसला होता, त्या वर्षी. पाच महिने मीच चालवली बस. मोठा परवाना काढला होता. अजून चालू आहे."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही घरी यायचात, कुठल्या इमारतीची केबल ताणली ते सांगायचात, आणि मी मान वर करेपर्यंत घोरायचात." हेडबाई समोर बघत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मीही विचारलं नाही कधी, टपावर बसून दिवसभर काय करता म्हणून. बसा आता. पुढं बसा, माझ्या शेजारी."

परतीच्या वाटेवर डॉक्टर मागच्या खोलीत बायकोसमोर बसले होते. पडदा बाजूला सारलेला होता, त्यामुळे पुढं सगळं ऐकू येत होतं. पण ऐकण्यासारखं फार नव्हतं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "तेलाची बाटली संपवायची आहे. आता ती डोक्याला लावा." आणि थोड्या वेळानं, "उद्या नऊला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी नंबर लावलाय." तो त्यांनी तिथंच बसून फोनवरून लावला होता. डॉक्टर बरं म्हणाले. त्यांच्या आवाजावरून ते वाचलेल्या माणसासारखे वाटत होते.

आवारात गाडी उभी केल्यावर हेडबाईंनी यादीची वही काढली. पण आपली अकरा कारणं त्यांनी उलटून टाकली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला झरोका, नळ, फळी, शेगडीचा डोळा आणि वर मेस्त्रीला सापडलेला पायरीचा गंज असं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"एवढ्या दोषांची गाडी या किमतीला?" त्या म्हणाल्या.

"माझ्याच तोंडचं माझ्यावर उलटवता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्यांना ते आवडलं होतं. किंमत थोडी उतरली. वर त्यांनी किटलीही दिली आणि ते फुलाफुलांचे पडदे बदलायचे नाहीत अशी अट घातली. मेस्त्री या सगळ्या वेळात झाकण उघडून इंजिन बघत उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही, आणि त्यालाही ते बरं वाटत होतं.

पहिला प्रवास चार दिवसांचा ठरला होता. दुसऱ्याच दिवशी नवराबायकोंचं भांडण झालं, आणि रुसून बसायला दुसरी खोली नाही, हे दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. हेडबाई केबिनमध्ये जाऊन बसल्या, लिफ्टवाले पलंगावर चढले, आणि काच लावून घेतली गेली. पाऊण तासानं पाऊस आला आणि झरोका गळायला लागला तो नेमका पलंगावर. लिफ्टवाले मागच्या दारानं उतरून, उशी डोक्यावर धरून पुढे आले. हेडबाईंनी त्यांना जागा करून दिली, आणि पाऊस थांबेपर्यंत त्यांना इन्स्पेक्टर येऊन गेला त्या दिवसाची गोष्ट सांगितली, सगळ्यांचे आवाज काढून. मधेच समितीचा फोन आला. त्यांनी सांगितलं, की त्या महत्त्वाच्या कामात आहेत.

चारांचे नऊ दिवस झाले. सातव्या दिवशी एक रिकामं मैदान लागलं, तिथं हेडबाईंनी गाडी उभी केली, किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि मैदानात दोन बादल्या मांडल्या. मधून मागे घ्यायचं. त्या स्वतः मागे उभ्या राहिल्या: एक टकटक डावीकडे, दोन उजवीकडे. पहिल्या खेपेला लिफ्टवाल्यांनी एक बादली चपटी केली. दुसऱ्या खेपेला दुसरी. हेडबाईंनी थाप मारून गाडी थांबवली, दोन्ही बादल्या उचलून बघितल्या आणि त्या पुढं येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या.

"दुकान कुठं दिसलं होतं?"

"मागच्या वळणावर," लिफ्टवाले खाली मान घालून म्हणाले.

"मग चला. बादल्या घेऊन येऊ. प्लॅस्टिकच्या नको, पत्र्याच्या घेऊ. आवाज झाला की तुम्हाला कळेल तरी."